द्वादशीला रेवदंड्यात उतरा

लवासाच्या दासवे गावात पाण्याकाठी उभं राहिलं की समोर पिवळ्या, विटकरी, गुलाबी भिंतींची रांग दिसते. खाली कमानी, वर छोटे सज्जे आणि पाण्यात त्यांची हलणारी प्रतिबिंबं. हा सगळा देखावा इटलीतल्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या पोर्टोफिनो या जुन्या कोळी बंदरावरून बेतलेला. बंदराचा थाट सगळा आहे, फक्त समुद्र नाही. समोरचं पाणी मोसे नदीचं, वरसगाव धरणात अडवलेलं. पावसाळा संपताना ते काठोकाठ भरतं आणि पुण्याच्या नळांना पुरता पुरता मे महिन्यापर्यंत इतकं खाली जातं, की मधला तांबूस उतार उघडा पडतो. वर्षाला एकच भरती, एकच ओहोटी!

लवासाला नावं ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. या गावाचं नाव बनवून घेतलेलं, नकाशा बनवून घेतलेला. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि ठरवलेल्या शहराचा थोडासाच भाग उभा राहिला. तरीही माणसं येतात, पाण्याकाठी चहा पितात, होडी मिळते का विचारतात आणि बरीच जण एक प्रश्न हमखास विचारतात: खरंखुरं असं गाव, होडीतून उतरावं, गल्ल्यांतून रमतगमत फिरावं, जुन्या भिंती पाहाव्यात, असं आपल्याकडे आहे का?

आहे. आणि त्याचा रस्ता लवासाच्या शेजारच्याच खोऱ्यातून जातो.

शेजारचं पाणी

वरसगावचं पाणी पूर्वेला जातं. मोसेतून मुठेत, मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पण डोंगर ओलांडून उत्तरेला मुळशीचा तलाव आहे, त्याच्या पाण्याचं नशीब वेगळं. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटांनी धरण बांधलं. त्यात जमिनी जाणार म्हणून १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली सोडून भिऱ्याला वीज तयार होते, १९२७ पासून. वीज देऊन झालेलं पाणी कुंडलिकेत उतरतं. कोलाडला सकाळी रबरी तराफ्यांतून लोक ज्या लाटांवर आदळतात, त्या या सोडलेल्या पाण्याच्या. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर त्यातलं काही कालव्यांना जातं. उरलेलं रोह्यावरून खाडीत येतं आणि अरबी समुद्राला मिळतं.

जिथे मिळतं, तिथे उत्तर काठावर रेवदंडा, दक्षिण काठावर कोर्लई आणि रेवदंड्याला लागून आत चौल. पोर्टोफिनोची नक्कल पाहून झाली असेल, तर एक दिवस या तीन गावांना द्या. तो कसा द्यायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

बंदरगाव हळूच का पाहायचं

आधी एक गोष्ट समजून घेतली की बाकीचं सगळं सोपं होतं. शिडाच्या जहाजांच्या काळात बंदरात आलेला माणूस मनात येईल तेव्हा परत जाऊ शकत नसे. नैऋत्येचा वारा ओसरता ओसरता अरबस्तान आणि इराणकडून गलबतं आपल्या किनाऱ्याला लागत आणि परतायला ईशान्येचा वारा सुरू व्हावा लागे. मधले महिने काय करायचं? घर बघायचं, माल लावायचा, उधारी वसूल करायची, देवाधर्माची सोय करायची. कुणी लग्न करायचं आणि मग परत जायचंच राहून जायचं.

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल् मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला. अरब लोक चौलला ‘सैमूर’ म्हणत. तेव्हा इथे शिलाहार झंझ राजाचा अंमल होता. मसूदीने लिहून ठेवलंय की सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान या गावात राहत होते. हे लोक चढाई करून आलेले नव्हते. वाऱ्याची वाट पाहता पाहता इथले झालेले होते.

बंदरगाव हे असं वाट पाहणाऱ्यांनी वसवलेलं गाव असतं. घाईने पाहिलं तर त्यात पडक्या भिंती आणि माडांच्या वाड्या याखेरीज काही दिसत नाही. लवासा घाईत बांधलं गेलं, म्हणून ते तासाभरात पाहून होतं. चौल-रेवदंड्याला किमान दोन हजार वर्षं लागली आहेत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत ‘सेमिल्ला’ म्हणून जे बंदर येतं ते हेच आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या ‘चेमुल’च्या लोकांची नावं कोरलेली आहेत ती इथलीच. अशा गावाला एक दिवस म्हणजे खरं तर कमीच.

दिवस कसा निवडायचा

रविवार की शनिवार, हे नंतर पाहा. आधी भरती पाहा.

कोकणात एक जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला सहाच्या. हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, पण सहलीचा बेत आखायला पुरेसा आहे. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर सहज मिळतं. भरतीनंतर सहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी.

माझ्या मते या गावांसाठी सगळ्यांत सोयीची तिथी द्वादशी. शुद्ध असो वा वद्य. बारा पाऊणे नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला खाडी भरलेली, तीनच्या सुमाराला किनारा उघडा. सकाळी पाण्यावरून गाव पाहता येतं, दुपारी तटाच्या बाहेरून वाळूत चालता येतं. एकादशीही चालली असती, पण त्या दिवशी घरातल्या निम्म्या मंडळींचा उपास असतो आणि कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन साबुदाण्याची खिचडी खाण्यात काही अर्थ नाही.

या हिशोबाची अक्कल मला फुकट मिळालेली नाही. एका वर्षी तिथी न पाहता, भर ओहोटीला, हौसेने खाडीत होडी काढायला लावली. तांडेल नको म्हणत होता, आम्ही ऐकलं नाही. अर्ध्या वाटेवर होडी गाळात टेकली. आम्ही अस्वस्थ, तो निवांत. विडी पेटवून एवढंच म्हणाला, “पानी येव दे, मंग जाव.” त्या दोन तासांत खंड्या पाहिले, तिवरांच्या मुळांतून पळणारे खेकडे पाहिले आणि या गावचं घड्याळ कुणाच्या हातात आहे ते कायमचं समजलं.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दुपार सोसत नाही. पावसाळ्यात ताम्हिणी सुंदर असला तरी गर्दी, धुकं आणि दरडींमुळे प्रवासाची खात्री नसते, समुद्र खवळलेला असतो आणि होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात.

पोचायचं कसं

*लवासा किंवा पुण्याहून:* पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळे, तिथून कोलाड, रोहा, चणेरे, साळाव आणि खाडीवरचा पूल ओलांडून रेवदंडा. लवासातून निघालात तर थांबत थांबत पाच तास धरा. याच डोंगररांगेतून एक माणूस उलट दिशेने गेला होता. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरला, विकायला एक घोडा घेऊन. चौलहून पाली, तिथून उमरी, तिथून जुन्नर, असे चोवीस दिवस लागल्याचं त्याने नोंदवलंय. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि बऱ्याच मिनतवारीनंतर परत दिला. घाटात वाहनं तुंबली की निकितिनची आठवण काढावी, राग शांत होतो.

*मुंबईहून:* इथे खरा जलप्रवास मिळतो. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच आणि कॅटमरान जातात, तासाभराचा प्रवास. मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच असते. अलिबागहून नागाव, चौल करत एसटीने रेवदंडा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. गाडी घेऊन यायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे. हवा स्वच्छ असेल तर मांडव्याकडे येताना दक्षिणेला खांदेरी-उंदेरीची जोडी दिसते. खांदेरी १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर वसवली. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत ती आहे.

दोन्हीकडून येणाऱ्यांना एकच सल्ला: आदल्या संध्याकाळी पोचा आणि रेवदंडा, चौल किंवा नागावात मुक्काम करा. वाडीत राहण्या-जेवण्याची घरगुती सोय बरेच जण करतात. जेवण मात्र आधी सांगून ठेवावं लागतं. किती माणसं, शाकाहारी किती, मासे खाणारे किती, हे आदल्या दिवशीच कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर बाजारात उरलेलं ताटात येतं.

सकाळ: खाडी आणि कोर्लई

सहाला उठा, साडेसहाला रेवदंड्याच्या बंदरावर या. रात्रीच्या होड्या परतत असतात, टोपल्या उतरत असतात, कोळणींचा भाव ठरत असतो. फोटो काढायचा असेल तर विचारून काढा, आणि कामाच्या वाटेत उभं राहू नका.

पूर्वी खाडी ओलांडायला तर होती, आता पूल आहे, त्यामुळे नेहमीची प्रवासी होडी मिळेलच असं धरू नका. आदल्या संध्याकाळी बंदरावर चौकशी करा. प्रवासी नेण्याचा परवाना असलेली होडी आणि सगळ्यांना पुरतील एवढी जीवरक्षक जॅकेटं असतील तरच बसा. मासेमारीच्या होडीत दाटीवाटीने बसण्याचा मोह टाळा. होडीत किती माणसं न्यायची हे तांडेलाला ठरवू द्या, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर घासाघीस करू नका. होडी लागणाऱ्यांनी रिकाम्या पोटी बसू नये. दोन बिस्किटं आणि आल्याची वडी खाऊन, होडीच्या मधल्या भागात बसून दूर क्षितिजाकडे पाहावं. मोबाइलमध्ये पाहिलंत की संपलं.

होडी मिळाली तर खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन मागे वळून पाहा. उजवीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात पाय पसरून बसलेला, डावीकडे रेवदंड्याची माडांची रेघ आणि तिच्यातून डोकावणारा पडका मनोरा. ही दोन टोकं ज्याच्या हातात, त्याच्या हातात बंदर. १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी याच पाण्यात पोर्तुगिजांना गाठलं, आणि त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा मारला गेला. हे सगळं किनाऱ्यावरून समजावून सांगावं लागतं. पाण्यातून एका नजरेत कळतं.

होडी नाही मिळाली तर पुलावरून कोर्लईला जा. किल्ला चढायला सोपा आहे, पण ऊन तापायच्या आत चढा, कारण वर सावली नाही. डोंगराची ही सोंड लांब आणि अरुंद असल्यामुळे किल्ला आडव्या भिंतींनी एकामागून एक कप्प्यांत विभागलेला आहे. एक कप्पा पडला तरी पुढचा लढवता यावा अशी ही रचना. निजामशाहीने सुरू केलेलं हे ठाणं १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी जिंकून घेतलं. वर पडकं चर्च आहे, पाण्याचं टाकं आहे, पोर्तुगीज लेख आहेत. पायथ्याशी दीपगृह आहे.

खाली कोर्लई गाव लागतं. तिथे थोडं थांबून कान द्या. वसई पडल्यावर १७४० च्या तहाने पोर्तुगिजांनी रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांना दिलं. सत्ता गेली, पण इथल्या ख्रिस्ती वस्तीने बोली सोडली नाही. पोर्तुगीज शब्द आणि मराठी वळण यांच्या मिश्रणातून झालेली ही भाषा आजही घराघरांत बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजारभर. ते तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. भाषेचे अभ्यासक देशोदेशींहून तिच्यासाठी येतात. आपण अभ्यासक नाही. तेव्हा कुणाच्या दारात उभं राहून ‘जरा बोलून दाखवा’ म्हणू नका. दुकानात लिंबू सरबत प्या, बाकावर बसा, कानावर पडेल तेवढं ऐका. ते लगेच आपल्याशी मराठीत बोलू लागतात, तेही ऐकण्यासारखं असतं.

दुपारच्या आत: तटाच्या पोटातलं गाव

रेवदंड्याचं वैशिष्ट्य असं की किल्ला पाहायला वेगळं जावं लागत नाही. गावच किल्ल्याच्या आत आहे. रस्ता तटाच्या दरवाजातून आत शिरतो, एसटीही त्यातूनच जाते. बहुतेक प्रवासी या दरवाजातून मुरुडकडे निघून जातात आणि आपण एका पोर्तुगीज शहरातून गेलो हे त्यांना कळतही नाही.

पोर्तुगीज चौलचे दोन भाग मानत, वरचं आणि खालचं. वरचं म्हणजे आतलं जुनं बाजाराचं गाव, ते निजामशाहीचं. खालचं म्हणजे हे, रेवदंडा, जिथे त्यांनी १५२१ नंतर आपलं ठाणं बांधलं. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने मोठा वेढा घातला, पण समुद्राची बाजू मोकळी राहिल्यामुळे आतल्यांना रसद मिळत राहिली आणि ठाणं टिकलं.

आता दोन तास पायी फिरा. गाडी बाहेर ठेवा. माड-पोफळीच्या वाड्यांमधून पायवाटा जातात आणि अचानक एखादी कमान, अर्धी भिंत, वेलींनी झाकलेली खिडकी समोर येते. सगळ्यांत उंच उरलेला तो मनोरा, गावचे लोक त्याला ‘सातखणी’ म्हणतात. आज चारच मजले उभे आहेत. जवळच पडक्या चर्चचे अवशेष आहेत. निकितिनचं स्मारक शाळेच्या आवारात आहे. शाळा सुरू असेल तर आत परवानगी घेऊनच जा.

इथे दोन पथ्यं पाळा. वाड्या खासगी आहेत. कुंपण ओलांडण्याआधी हाक मारा, बहुतेक वेळा ‘या की’ असं उत्तर येतं. आणि भिंतींवर चढू नका. चुना सुटलेला आहे, दगड केव्हा निखळेल सांगता येत नाही.

याच गावात बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी काम बंद ठेवायचं, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली: रेवदंडकर, चौलकर, किहीमकर, पेणकर. त्यातले बहुतेक इस्रायलला गेले, आडनावं घेऊन गेले. सिनेगॉग पाहायचं असेल तर आधी विचारा, डोकं झाका आणि शनिवारी प्रार्थनेच्या वेळी आत जाण्याचा आग्रह धरू नका.

जेवण आणि झोप

साडेबाराला जेवायला बसा. तांदळाची भाकरी, ताज्या मासळीचं कालवण, सोलकढी. जिताडा मिळाला तर नशीब, या भागात त्याचा मान मोठा आहे. शाकाहाऱ्यांनी वालाचं बिरडं मागावं, त्यात हा जिल्हा कुणाला हार जाणार नाही. थंडीत आलात तर रात्री पोपटीचा बेत सांगून ठेवा. वालाच्या शेंगा आणि बाकीचा ऐवज भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं उलटं आगीत लावतात. मडकं फोडायच्या वेळी जो वास सुटतो, तो सांगून कळायचा नाही.

जेवणानंतर झोपा. हे मी गमतीने सांगत नाही. एक ते तीन या वेळात किनाऱ्यावर ऊन, वाड्यांत डास आणि गावात शुकशुकाट असतो. जे गाव स्वतः झोपतं, त्याच्यात फिरण्यात अर्थ नाही. दुपारचा हा तुकडा कापून ‘मुरुड पण करून येऊ’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला पंख्याखाली चटई टाकून द्या. जंजिऱ्याला वेगळा दिवस लागतो.

तिसरा प्रहर: उघडा किनारा

तीनला पाणी उतरलेलं असेल. तटाच्या बाहेरच्या बाजूने काळसर वाळूत चाला. भिंत कुठे धरून आहे, कुठे आडवी झालीय. चार-पाचशे वर्षांत समुद्राने काय खाल्लं आणि काय सोडलं, ते भरतीत दिसत नाही, आत्ता दिसतं.

या वेळचे धोके नीट ध्यानात ठेवा. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ बाहेर, समुद्राकडे असते. वरून पाणी संथ दिसतं आणि गुडघाभर पाण्यातला माणूसही पाय सुटून जातो. खाडीच्या मुखापाशी पोहायला उतरू नका, मुलांना पाण्यापासून लांब ठेवा. गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू टणक वाटते, पण चाक रुतलं की ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते.

संध्याकाळ: चौल

चारला चौलला निघा. या गावात पूर्वी तीनशे साठ देवळं आणि तितकीच तळी होती असं सांगतात. मोजायला जाऊ नका, एकच पुरे: रामेश्वर. समोर मोठी पुष्करणी, दीपमाळ, आत पर्जन्य, अग्नी आणि वायू अशी कुंडं. पाऊस ओढ देई तेव्हा पर्जन्यकुंड उघडत, अशी गावची आठवण आहे. तळ्याच्या पायरीवर अर्धा तास बसा.

बसल्या बसल्या एवढं आठवा: हे रेशमी कापडाचं नावाजलेलं गाव होतं. सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई वाढवायला घेतली, तेव्हा चौलचे विणकर तिकडे नेऊन वसवले. व्यापार त्यांच्यामागे गेला, खाडी गाळाने भरत गेली आणि एकेकाळी बगदादला ठाऊक असलेलं बंदर वाडीचं गाव झालं. बंदरं अशीच मरतात. लढाईत क्वचित, गाळात आणि शेजारच्या बंदराच्या भरभराटीत बहुतेक वेळा.

पायांत ताकद असेल तर भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताच्या देवळात जा. पायऱ्या सातशेच्या आसपास. दत्तजयंतीला इथे पाच दिवस मोठी यात्रा भरते, तेव्हा निवांतपणा विसरा. एरवी सूर्यास्ताला वरून माड-पोफळीचा हिरवा पट्टा, खाडी आणि कोर्लईची सोंड एका चौकटीत दिसते. सकाळी पाण्यातून पाहिलेलं गाव संध्याकाळी डोंगरावरून पाहिलं की दिवस पुरा होतो. दोन्ही जमणार नसेल तर डोंगर सोडा, तळं सोडू नका.

पिशवीत काय हवं

टोपी, पाण्याची बाटली, भिजली तरी चालेल अशी पट्ट्याची चप्पल, मोबाइलसाठी घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी, एक पंचा, रोख सुटे पैसे. संध्याकाळी मुंबईला परतणाऱ्यांनी मांडव्याहून शेवटची लाँच किती वाजता, हे आदल्या दिवशी उतरतानाच विचारून ठेवावं. कचरा परत न्यायला एक रिकामी पिशवीही घ्या. हंगाम असेल तर परतीच्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतील. अलिबागच्या या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. चव गोडसर, भाकरीबरोबर कच्चा खावा. भाव रस्त्यावरचा असला तरी शेतकरी समोर उभा असतो, फार ओढू नका.

आणि यादी करून, टिकमार्क करत हे गाव पाहू नका. वर सांगितलेल्यातलं निम्मं राहिलं तरी काही बिघडत नाही. एका जागी बसून वेळ गेला, तर तो या गावाच्या रीतीनेच गेला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत साधारण आठ द्वादशी येतात. आज घरी गेल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर काढा, त्यातल्या एकीवर खूण करा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.